घागरींआडचं दार

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कोणाला आग्रह करत नाही. पण जिच्यावर हे गुदरलं ती माझी सख्खी मावशी होती. ती आयुष्यात एकदाच खोटं बोलली... तेही स्वतःशी.

आणखी एक. भुताची गोष्ट म्हटली की लोक अमावास्येची रात्र शोधतात. इथं रात्र नाही.

दुपार आहे. डोक्यावर ऊन आहे.

साल १९८३, मे महिना, मंगळवार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन दोनच दिवस झाले होते. परळीहून लातूर रोडकडे जाणारी पॅसेंजर, इंजिनापासून चौथा डबा.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, खुर्च्या नव्या, साहेब नवे. आभाळ तेवढं जुनंच होतं. आदल्या साली पावसानं दगा दिला होता आणि विहिरींचे तळ दिसायला लागले होते.

मावशीचं नाव रत्नम्मा. तेव्हा वय असेल पस्तीस-छत्तीस. ही गोष्ट सांगताना मी तिला रत्नम्माच म्हणतो. मावशी म्हटलं की माझ्याच्यानं पुढचं सांगवत नाही.

रत्नम्मा घाटनांदूरला गाडीत चढली. बरोबर मुलगी रुद्राणी, सतरा वर्षांची. दोघींच्या कपाळाला विभूती, आणि रत्नम्माच्या विभूतीखाली ठसठशीत कुंकू.

त्या कुंकवावरच सगळं अडलं होतं.

तिचा नवरा शिवप्पा दहा वर्षांपूर्वी, मोठ्या दुष्काळात, नाहीसा झाला होता. त्यांचं गाव झरी. रेल्वेचा हॉल्ट होता, पण गावात पाण्याचा टिपूस नव्हता. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! बायको आणि सात वर्षांची पोर मागं ठेवून शिवप्पा नांदेडला कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीला गेला. आखाजीला येतो म्हणाला.

आला नाही.

दीड महिन्यानं रत्नम्माचा भाऊ मन्मथ, म्हणजे माझा मामा, नांदेडला जाऊन आला. तिथल्या मुकादमानं सांगितलं, "त्यो तर आखाजीच्या आदल्या दिशीच दुपारी पोचंल असा निघाला, पानगावापस्तोर एस.टी.नं. नवी तांब्याची घागर घेतली, गोदावरीचं पाणी भरलं, तोंडाला फडकं बांधलं. म्हनला, घरी पाणी न्हाई."

त्यानंतर ना माणूस दिसला, ना घागर.

लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? कोणी म्हणालं, नांदेडला दुसरी ठेवली. कोणी म्हणालं, हैदराबादला पळाला. रत्नम्मा सगळ्यांशी भांडली आणि पोरीला घेऊन माहेरी घाटनांदूरला येऊन राहिली. "येतील," एवढंच म्हणायची.

आखाजीला आमच्याकडं गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. खरं तर आम्हा लिंगायतांत ही रीत नाही. पण मराठ्यांच्या शेजारात चार पिढ्या काढल्या की रीतही उंबरा ओलांडून आत येते. दर आखाजीला मन्मथमामा हळूच विचारायचा, "आक्का, शिवप्पाची घागर भरायची का?"

आणि रत्नम्मा दर वर्षी ताडकन म्हणायची, "जित्या मानसाची घागर भरतेत व्हय रे?"

दहा आखाज्या गेल्या. शिवप्पाच्या नावाची घागर कोरडीच राहिली.

आता रुद्राणीचं लग्न ठरलं होतं. उदगीरचे दुकानदार, चांगली माणसं. त्यांनी एकच गोष्ट विचारली. पत्रिकेत मुलीच्या बापाच्या नावाआधी 'श्री' छापायचं, की 'लिंगैक्य'? माणूस जिता आहे, की गेला? काय ते कागदावर दाखवा. उद्या मांडवात कोणी उभा राहिला तर आमचीच शोभा.

म्हणून रत्नम्मा लातूरच्या नव्या कचेरीत निघाली होती. आज नातलगांकडं मुक्काम, उद्या साहेबांपुढं शपथ... माझा नवरा मेला आहे, अशी.

पण मेला हे तिला कुठं माहीत होतं? खोटी शपथ घेतली तर जिवंत नवऱ्याला हातानं मारल्यासारखं. नाही घेतली तर पोरीचं लग्न मोडतं. घाटनांदूरपासून ती नुसती खिडकीबाहेर बघत होती.

खरं तर ती एस.टी.नंच जाणार होती. एस.टी. चुकली म्हणून गाडी. नाहीतर दहा वर्षांत तिनं या गाडीत पाय ठेवला नव्हता.

का, ते सांगतो.

समोरच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. अंगात खाकी शर्ट, पायात रेल्वेचे जुने बूट. मांडीवर फडक्याची पुरचुंडी. तो सारखा रत्नम्माच्या कपाळाकडं बघत होता. रुद्राणीला राग आला.

"काय बघताव मामा?"

"चुकलं माय," म्हातारा म्हणाला. "तुमची विभूती बघून राहिलो. मी लिंबाजी. या रुळावर तीस साल गँगमन होतो. तुमच्या लोकांला एक गोष्ट इचारायची असती मला. दर खेपंला इचारतो..."

तेवढ्यात पानगाव आलं.

आणि बायका आल्या. बारा-पंधरा बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर एक आणि कमरेवर एक घागर. स्टेशनच्या नळाला पाणी होतं. झरीच्या बायका सकाळच्या गाडीनं येऊन ते भरायच्या आणि दुपारच्या पॅसेंजरनं परत न्यायच्या. दहा वर्षांपूर्वीसारखंच.

सगळ्यांत पुढं होती धुरपताबाई. रत्नम्माची झरीची शेजारीण.

तिनं रत्नम्माला बघितलं. एवढ्या वर्षांनी शेजारीण भेटल्यावर माणूस हसतं, गळ्यात पडतं. धुरपताबाईचा चेहरा पडला.

"रत्नम्मा... तू? या गाडीत?"

"हाव. लातूरला चालले."

धुरपताबाईनं तोंड फिरवलं. बायकांनी भराभर घागरी दाराला लावल्या. एकावर एक, दाराची अर्धी उंची झाकेपर्यंत. मग एका तरण्या सुनेनं दाराची कडी घातली.

"झरी येईस्तोर उघडायचं न्हाई बरं का गं," ती म्हणाली. "भाईर देव आला तरी."

रत्नम्मानं झटकन तिच्याकडं बघितलं.

कारण हे शब्द तिचे होते. हा कायदा तिनंच केला होता, त्रेहत्तर साली. एकदा वाटेत माणसं डब्यात घुसली आणि धक्क्यात सात घागरी सांडल्या. लेकरांच्या तोंडचं पाणी डब्याच्या फळीवरून वाहून गेलं. बायका रडल्या. तेव्हा रत्नम्मा म्हणाली होती, आता घागरी दाराला लावायच्या, कडी घालायची, बाहेर देव आला तरी उघडायचं नाही.

आणि एके दिवशी... कोणीतरी आलं होतं.

गाडी पानगावहून सुटली होती. कोणीतरी धावत येऊन पायरीवर चढलं. दार वाजवायला लागलं. ओरडत होतं, पण चाकांच्या खडखडाटात काही कळत नव्हतं. बायका गप्प बसल्या. कडीवर हात रत्नम्माचा होता. तिनं तो काढला नाही.

मग नाल्यावरचा पूल आला.

आवाज थांबला.

"उतरला असंल," कोणीतरी म्हणालं.

धावत्या गाडीतून, पुलावर, उतरला असेल! सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. घरी पाणी नेलं. लेकरांना पाजलं.

तो आखाजीचा आदला दिवस होता. नांदेडहून मुकादमाचा निरोप आल्यावर या दोन गोष्टी कोणीही शेजारी शेजारी ठेवल्या असत्या. रत्नम्मानं ठेवल्या नाहीत. मला ती शेवटी शेवटी म्हणाली होती, "ठाऊक असतंय रे बाळा. पर ठाऊक हाय हे कबूल कराया दहा वर्सं लागतेत."

गाडी सुटली.

बायका घागरींना पाठ लावून खाली बसल्या. पदरानं वारा घालत होत्या. डब्याचा पत्रा तापून हात लावू देत नव्हता.

आणि मग...

ठण्.

रत्नम्मानं मान वर केली.

ठण्... ठण्...

दारावर. बाहेरून.

हातानं वाजवल्याचा आवाज नव्हता. भांडं पत्र्यावर आपटल्याचा होता. भरलेल्या भांड्याचा, जड.

"कोन हाय गं भाईर?" सून म्हणाली.

रुद्राणी खिडकीला गाल लावून दाराकडं बघायला लागली. गजांतून पायरी अर्धी दिसत होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग हळूच आत सरकली.

"अव्वा... पायरीवर कोणीच न्हाई."

ठण्... ठण्... ठण्...

दोन बायका उठून मागं सरकल्या. सून मात्र कडीवर हात ठेवून उभी. "उघडू नका. आपलं पानी सांडंल," ती म्हणाली.

मग धुरपताबाई किंचाळली.

ती खाली बघत होती. दाराच्या फटीतून पाणी आत येत होतं. घागरी सगळ्या उभ्या होत्या, तोंडापर्यंत भरलेल्या, एकही सांडलेली नव्हती. पाणी बाहेरून येत होतं. मे महिन्यात. जिथं नदी-नाल्यांत धूळ उडत होती तिथं.

पाणी रत्नम्माच्या पायाला लागलं.

गार होतं. नदीच्या गाळाचा वास येत होता त्याला.

"आला... परत आला..." धुरपताबाई दोन्ही हातांनी कान झाकून बोलत होती. "रत्नम्मा, मला माफ कर. मी बघितलं हुतं. त्या दिशी खिडकीतून बघितलं हुतं मी..."

"काय बघितलंस?"

"त्वांड न्हाई दिसलं गं. आईच्यान न्हाई दिसलं! निस्ता हात दिसला. अन् हातात नवीकोरी तांब्याची घागर. घागरीच्या त्वांडाला फडकं बांधलेलं. पुडं तुझा भाऊ नांदेडाहून आला, घागरीचं सांगितलं... तवा मला कळलं. पर सांगू कशी? कडी तर तूच धरली हुतीस."

सगळ्या बायका रत्नम्माकडं बघायला लागल्या.

रत्नम्मा रडली नाही. ओरडली नाही. ती एवढंच म्हणाली, "मग त्ये कुठं हायेत?"

उत्तर भलत्याच माणसानं दिलं.

"पुलाखाली," लिंबाजी म्हणाला.

तो उभा राहिला होता. पुरचुंडी हातात.

"मला गवसला त्यो, माय. दुसऱ्या दिशी सकाळी, आखाजीला. पंचनामा झाला. नाव न्हाई, गाव न्हाई, वळखाया कुनी आलं न्हाई. ऊन असं की ठिवता येईना. गळ्यात लिंग बघितलं, म्हनून जाळू दिला न्हाई मी. तुमच्यात बसवून पुरतेत एवढं मला ठावं हुतं. नाल्याच्या काठाला खड्डा केला, जमंल तसा बसवला. घागर चेपली हुती, पर तिच्यात वंजळभर पानी हुतं अजून. त्येच त्याच्या तोंडात घातलं."

"अन् लिंग?" रत्नम्मानं विचारलं.

लिंबाजीनं मान खाली घातली.

"त्ये मी काढून घेतलं, माय. वाटलं, मानूस गेला तर घरच्यांला खूण कशी पटंल? दहा साल झाले, हरेक विभूतीवाल्याला दावतो. मागल्या साली एक स्वामी भेटले. त्ये माझ्यावर लई चिडले. म्हनले, अरे, मेल्यावर लिंग त्याच्या डाव्या हातात द्यायचं असतंय. लिंगाबिगर पुरलास, तर त्यो जाईल कुठं? मला कोन सांगनार हुतं, माय? मी अडानी मानूस, मला काय ठावं?"

त्यानं पुरचुंडी सोडली.

लिंग ठेवायची चांदीची छोटी डबी. काळी पडलेली. भोवती हिरव्या खणाचं फडकं, त्याला तांबड्या दोऱ्यानं घातलेले तिरपे टाके.

रत्नम्मा डावरी. तिचे टाके तिरपे पडायचे. तो खण रुद्राणीच्या बारशाच्या झबल्याचा उरलेला तुकडा होता.

आता तिला शपथ घ्यायला काही अडचण नव्हती. दहा वर्षं ज्याची वाट बघितली तो दाराबाहेरच होता, आणि दार तिनंच धरलं होतं. तिनं लिंबाजीच्या हातातून डबी घेतली आणि ती खाली बसली.

ठण्! ठण्! ठण्!

आता आवाज घाईचा होता.

लिंबाजीनं खिडकीबाहेर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"पूल येऊन राहिला," तो म्हणाला.

रत्नम्मा उठली. डबी कमरेला खोचून दाराशी गेली आणि तिनं पहिली घागर बाजूला ओढली.

"ओ बाई, पानी!" सून तिच्या अंगावर धावली. "माझं लेकरू सकाळधरनं तहानलंय!"

"सर बाजूला."

"न्हाई सरायची!"

खरं सांगू? चूक त्या सुनेची नव्हती. दहा वर्षांपूर्वी रत्नम्माही अशीच उभी होती. तिलाही घरी तहानलेलं लेकरू होतं. पण यावेळी धुरपताबाई उठली. तिनं सुनेला कमरेला धरून मागं ओढलं आणि स्वतःच्या दोन्ही घागरी आडव्या केल्या.

पाणी डब्यात पसरलं. एक घागर, दुसरी, पाचवी. रत्नम्मा दोन्ही हातांनी ओढत होती. बायका रडत होत्या, शिव्या देत होत्या. खालच्या चाकांचा आवाज बदलायला लागला होता. पूल अगदी जवळ आला होता.

कडी गच्च बसली होती. ती हलेना.

बाहेरचा आवाज मंद झाला.

ठण्...

मग थोड्या वेळानं... ठण्.

"थांबा!" रत्नम्मा ओरडली. "उघडते! म्या उघडते!"

तिनं डबीनंच कडीवर घाव घातला. एक. दोन. तिसऱ्या घावाला कडी निघाली.

दार आत उघडलं.

गरम वारा तोंडावर आला. बाहेर माळ, धूळ आणि पळस. पायरीवर कोणी नव्हतं. गाडी पुलावर चढली. खाली कोरडा नाला, दगड, आणि काठाला एक ढिगारा.

रत्नम्मा दारात उभी राहिली. गाडी पूल ओलांडून गेली. काहीच झालं नाही.

मग तिच्या मागं रुद्राणी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "अव्वा... खाली बघ."

सगळी फळी ओली होती, तरी ते वेगळे दिसत होते. पावलांचे ठसे. गाळाचे. दारातून आत येणारे.

एक पाऊल रत्नम्माच्या पायाशी होतं. तिथं दोन्ही पावलं जोडून, जणू कोणी थांबलं होतं. मग पुढं. बायका भिंतीला चिकटल्या. ठसे लिंबाजीला ओलांडून गेले आणि रुद्राणी बसली होती तिथं, तिच्या समोर, संपले.

रुद्राणी हलत नव्हती. डोळे मिटलेले. गालांवरून पाणी.

"अव्वा," ती म्हणाली, "माझ्या डोक्यावर कुनी हात ठेवलाय."

तिच्या डोक्यावर काही नव्हतं. पण तिचे केस दबलेले होते... आणि ओले होते.

झरी येईपर्यंत ठसे वाळले. उन्हाच्या दिवसांत ओल किती वेळ टिकणार? गाळाची रेघसुद्धा राहिली नाही. गाडी थांबली, तेव्हा बायका रडतच आडव्या झालेल्या घागरी उचलायला गेल्या.

एकही उचलेना.

सगळ्या जड होत्या. तोंडापर्यंत भरलेल्या. सून तिच्या घागरीत हात घालून बघत बसली. पाणी गार होतं.

धुरपताबाईनं तिच्या दोन्ही घागरी रुळाच्या कडेला ओतून दिल्या. ती ते पाणी प्यायली नाही. बाकीच्या बायकांनी मात्र नेलं. दुष्काळ होता. कोणाचं का असेना, पाणी ते पाणी!

रत्नम्मा झरीलाच उतरली. लिंबाजीनं जागा दाखवली. गावातून स्वामींना बोलावलं, माती उकरली, आणि त्यांनी सांगितलं तसं ते लिंग शिवप्पाच्या डाव्या हाताला पोचवलं. हाताचं काय उरलं होतं ते मी सांगत नाही. रत्नम्मानं तिथंच कुंकू पुसलं. मग एक घागर मागून घेतली आणि दहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या नावानं भरली.

दोन दिवसांनी ती लातूरच्या कचेरीत उभी राहिली. कारकून भला माणूस होता. कागदावरचे रकाने भरता भरता विचारत होता.

"नवऱ्याला शेवटचं कधी पाहिलं, बाई?"

"पाहिलं न्हाई, साहेब," रत्नम्मा म्हणाली. "ऐकलं."

कारकुनानं तिच्याकडं बघितलं आणि तो रकाना मोकळाच सोडला.

रुद्राणीचं लग्न झालं. पत्रिकेत 'लिंगैक्य शिवप्पा यांची कन्या' असं छापलं. ती पत्रिका माझ्याकडं आहे. लिंबाजी लग्नाला आला होता. धुरपताबाई आली नाही.

त्या दिवसानंतर रत्नम्मानं दाराला कधी कडी घातली नाही. घाटनांदूरच्या घराचं दार रात्रंदिवस नुसतं लोटलेलं असायचं. आम्ही रागवायचो. चोर येईल म्हणायचो. ती म्हणायची, "येऊ द्या. आत येनाऱ्याला अडवायचं न्हाई." आणि दर आखाजीला तिची घागर कधी चुकली नाही.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.

२०१६ साली मावशी गेली, जानेवारीत. त्या उन्हाळ्यात पाण्याचे काय हाल झाले ते तुम्हाला आठवत असेल. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. आखाजीला मी घाटनांदूरच्या त्या घरात एकटाच होतो. मावशीची पहिली आखाजी. तिची घागर भरायला हवी होती, शिवप्पाकाकाची भरायला हवी होती. नळाला अठरा दिवस पाणी नव्हतं. माझ्याकडं पिण्याच्या दोन बाटल्या होत्या. मी मनाशी म्हणालो, पुढच्या वर्षी दुप्पट भरू. मेलेल्यांना काय कळतंय!

ऊन लागत होतं म्हणून मी दार लावलं. शहरात राहतो. हाताला सवय. कडी घातली.

दुपारचा पाऊण वाजला असेल.

ठण्...

मी झोपेत आहे असं वाटलं. मी उठून बसलो.

ठण्... ठण्...

दाराच्या खालच्या फटीत काहीतरी चमकत होतं. बघता बघता ते उंबऱ्याच्या आत आलं. फरशीवर पसरलं. गाळाचा वास आला.

लिंग पोचलं होतं. पत्रिका छापली होती. मग आता कोण होतं? शिवप्पाकाका? की तहानलेली माझी मावशी? की दोघं?

मला आजही माहीत नाही. मी गादीवर पाय जवळ घेऊन बसून राहिलो. पाणी गादीच्या कडेपर्यंत आलं. दार वाजत राहिलं... घाईघाईनं... मग मंद... मग थांबलं.

मावशीसारखं सगळं ठाऊक असलेला माणूस मी. तिची गोष्ट शंभर जणांना सांगितलेला.

आणि मी दार उघडलं नाही.